मुक्या साक्षीदारांची साक्ष : फुप्फुसाचे जंतुरोग आणि प्रयोगशाळेतील प्राणी

(भूम येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून, हा विषय मुंबई-पुण्याच्या एखाद्या विद्वत्सभेत शोभला असता, भूमसारख्या तालुक्याच्या गावी त्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रयोजन आहे, आणि ते अगदी रोजच्या व्यवहारातले आहे. क्षयरोग्याच्या घरी गोळ्या पोहोचविणारी आशा कार्यकर्ती, वर्गात सतत खोकणाऱ्या मुलाकडे लक्ष देणारे गुरुजी आणि क्षयमुक्त पंचायतीचा ठराव मांडणारे सदस्य या सर्वांना गावात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "दोन महिन्यांत खोकला थांबला, ताप गेला, अंगावर मांस चढले, मग आणखी चार महिने गोळ्या कशासाठी घ्यायच्या?" या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर एका पांढऱ्या उंदराने दिलेले आहे. ते उत्तर काय आहे, ते कसे मिळाले आणि त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

न्यायालयात साक्षीदाराला महत्त्व असते; परंतु कोणताही न्यायाधीश एका साक्षीदाराच्या शब्दावर निकाल देत नाही. साक्षीदाराने काय पाहिले, कोठून पाहिले, हे तपासावे लागते. प्रयोगशाळेतील उंदीर, ससा, गिनीपिग हे असेच मुके साक्षीदार आहेत. त्यांच्या साक्षीशिवाय फुप्फुसाच्या रोगांवरील आजची औषधे मिळाली नसती. पण केवळ त्यांच्याच साक्षीवर विसंबलो असतो, तर अनेकदा फसगत झाली असती.

परळचा धडा

या विषयाचा एक मोठा अध्याय आपल्याच राज्यात लिहिला गेला. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि पाहता पाहता ती साथ शहरभर पसरली. ऑक्टोबरमध्ये डॉ. वाल्देमार हाफकिन मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील तोकड्या जागेत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या मनुष्यबळावर त्यांनी प्लेगची लस तयार केली. डिसेंबरमध्ये ती सशांना टोचून पाहिली. लस टोचलेले ससे प्लेगच्या जंतूंना पुरून उरले. तरी हाफकिन लगेच लोकांकडे गेले नाहीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर काही दिवसांतच भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली. आधी प्राणी, मग संशोधक स्वतः, मग स्वखुशीने तयार झालेली माणसे, अशी ती चढण होती. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले.

याच परळमध्ये पुढे प्लेग संशोधन आयोगाने एक साधा पण मार्मिक प्रयोग केला. प्लेग उंदराच्या पिसवेतून पसरतो, असे पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखविले होते. पण ते पुष्कळांना पटलेले नव्हते. १९०५ पासून आयोगाने मुद्दाम बांधलेल्या लहान खोल्यांत गिनीपिगचे पिंजरे टांगले. काही पिंजरे जमिनीपासून दोन इंचांवर होते, तर काही दोन फुटांवर. खोलीत प्लेगच्या पिसवा होत्या. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातील प्राण्यांना प्लेग झाला. वरच्या पिंजऱ्यातील प्राणी वाचले, कारण पिसवेची उडी तेवढ्या उंचीपर्यंत पोहोचत नाही. बारीक जाळीने झाकलेल्या पिंजऱ्यांतील प्राणीही सुरक्षित राहिले. हवा सर्वांना एकच होती. तेव्हा गाठीचा प्लेग हवेतून नव्हे, पिसवेतून येतो, हे निर्विवाद ठरले. प्रयोग चांगला की वाईट, हे यंत्रसामग्रीवरून ठरत नाही. प्रश्न किती नेमका विचारला, यावरून ठरते.

मात्र प्लेगचे दुसरे रूपही आहे. जंतू फुप्फुसात शिरला की रुग्णाच्या खोकल्यातूनच तो दुसऱ्याकडे जातो आणि तेथे पिसवेची गरज उरत नाही. भूम तालुक्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात, मामला या गावी १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्येच सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडविला. त्या वेळी देशभर मिळून पन्नासहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. ज्यांना ते दिवस आठवतात, त्यांना हेही आठवत असेल की रोगापेक्षा अफवा वेगाने धावल्या आणि सुरतेतून लाखो माणसे गाव सोडून निघाली. फुप्फुसाचा जंतुरोग हा गावाच्या मनाचाही रोग होतो तो असा.

प्राण्याच्या फुप्फुसात रोग कसा अभ्यासतात?

आता प्रयोगाची रीत पाहू. क्षयाचा किंवा न्यूमोनियाचा जंतू प्राण्याच्या फुप्फुसात पोहोचविण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्यात प्राण्याला गुंगी देऊन नाकात जंतुमिश्रित द्रवाचे थेंब सोडतात. दुसऱ्यात प्राण्यांना बंद पेटीत ठेवून त्या पेटीत जंतूंचे अतिसूक्ष्म तुषार सोडतात. दुसरा मार्ग निसर्गाला अधिक जवळचा, कारण माणसालाही क्षय असाच श्वासातून होतो. क्षयाच्या प्रयोगात प्रत्येक उंदराच्या फुप्फुसात पन्नास ते शंभरच जंतू जातील, अशी योजना करता येते. हे काम साध्या खोलीत होत नाही. खोलीतील हवा बाहेर जाऊ नये म्हणून आतील दाब कमी ठेवतात, बाहेर जाणारी हवा गाळून सोडतात आणि काम करणारे मुखपट्टी व संरक्षक पोशाख घालून आत जातात.

ठरावीक दिवसांनी प्राण्याला वेदना न देता मारून त्याचे फुप्फुस वाटून द्रवात मिसळतात. ताकात पाणी घालत जावे, तसे ते मिश्रण दर वेळी दहापट पातळ करीत जातात आणि त्याचा एक थेंब जंतूंच्या खाद्यावर पसरतात. प्रत्येक जिवंत जंतूपासून एक ठिपका उगवतो. ठिपके मोजले की फुप्फुसात किती जंतू होते, याचा हिशेब लागतो. क्षयाचा जंतू फार संथ वाढतो. म्हणून हे ठिपके दिसण्यास तीन-चार आठवडे लागतात. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या प्राण्यांच्या आकड्यांची तुलना केली की औषधाचा गुण कळतो.

प्रत्येक प्राण्याचा स्वभाव मात्र वेगळा असतो. उंदीर लहान, स्वस्त आणि एकसारख्या वंशाचा मिळतो. पण त्याच्या फुप्फुसात माणसाप्रमाणे सडलेल्या ऊतींच्या गाठी सहसा होत नाहीत. गिनीपिगला क्षयाचे मोजके जंतूही पुरतात आणि त्याच्या गाठी माणसासारख्या दिसतात. सशाच्या फुप्फुसात माणसाप्रमाणे पोकळी तयार होऊ शकते. माकड सर्वांत जवळचे, पण त्याच्यावरील प्रयोग सर्वांत कठीण, खर्चिक आणि नैतिकदृष्ट्या सर्वांत जड.

सशाची आणखी एक उपयुक्तता आपल्या भागाच्या दृष्टीने सांगण्याजोगी आहे. माणसाच्या क्षयाचा जंतू सशाला फारसे बाधत नाही. गुरांच्या क्षयाचा जंतू मात्र त्याला मारतो. सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसणारे हे दोन जंतू वेगळे ओळखण्यासाठी पूर्वी सशाचाच आधार घेत. गुरांचा क्षय कच्च्या दुधातून माणसाला होतो, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाली. कुंथलगिरीच्या पेढ्यासाठी आणि खव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या तालुक्यात भट्टीवर आटविलेल्या दुधाची काळजी नाही. पण मुलाला दिले जाणारे धारोष्ण दूध उकळूनच द्यावे, हा नियम त्या सशाने दिलेला आहे.

गिनीपिग आणि वर्गाची खिडकी

क्षयरोगाच्या अभ्यासात गिनीपिगचे स्थान अनन्यसाधारण आहे. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. रुग्णाच्या शरीरातून जंतू वेगळा काढून वाढविणे, तो निरोगी प्राण्याला टोचून तोच रोग उत्पन्न करणे आणि त्या प्राण्याच्या शरीरातून तोच जंतू पुन्हा मिळविणे, अशी त्यांची सिद्धतेची साखळी होती. ती गिनीपिगने पुरी केली. क्षय हा नशिबाचा, पापाचा किंवा कुळाचा रोग नसून जंतूचा रोग आहे, हे त्या दिवशी ठरले. ज्या घरात आजही सुनेचा क्षय लपविला जातो, त्या घरापर्यंत मात्र ती बातमी अजून पोहोचलेली नाही.

तो जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो, याचे उत्तर मिळण्यास पुढे सत्तर-ऐंशी वर्षे लागली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे रिचर्ड रायली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्षयरोग्यांच्या एका खोलीतील हवा नळाने वरच्या मजल्यावर नेली आणि ती शंभराहून अधिक गिनीपिगच्या पिंजऱ्यांवर सोडली. या प्राण्यांचा रुग्णांशी अन्य कोणताही संबंध नव्हता. कपडे, भांडी, अन्न काहीही सामाईक नव्हते. तरीही त्यांतील काहींना क्षय झाला. जी हवा वाटेत अतिनील किरणांखालून नेली, तिच्यामुळे मात्र प्राणी बाधित झाले नाहीत. यातून आणखी एक मोलाची गोष्ट दिसली : औषध सुरू झालेल्या रुग्णांपासून प्राण्यांना होणारी बाधा फार कमी होती.

मित्रहो, या प्रयोगाचा अर्थ गावाच्या भाषेत सांगतो. रुग्णाचे ताट वेगळे ठेवून क्षय थांबत नाही; रुग्णाची तपासणी लवकर करून औषध सुरू केल्याने तो थांबतो. घराला आणि वर्गखोलीला समोरासमोर खिडक्या असणे, त्या उघड्या असणे आणि आत ऊन येणे, हा खरा प्रतिबंध आहे. शाळेची खोली बांधताना खिडकीचा खर्च वाचवू पाहणाऱ्या प्रत्येक समितीने हे लक्षात ठेवावे.

प्राण्याच्या या साक्षीला माणसाच्या साक्षीने दुजोरा आपल्याच देशात मिळाला. १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या क्षयरोग उपचार केंद्राने काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषध दिले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरी उपचार घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले. पुढील वर्षांच्या पाहणीत घरच्या माणसांना त्यामुळे अधिक धोका झाल्याचे आढळले नाही. क्षयरोग्याला घराबाहेर काढण्याचे कारण तेथेच संपले.

उंदराने दिलेले उत्तर

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले. १९४४ मध्ये फेल्डमन आणि हिन्शॉ यांनी ते गिनीपिगवर वापरून पाहिले आणि क्षय आटोक्यात येतो असे दिसले. पण ब्रिटनमधील माणसांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले, पहिल्या काही महिन्यांत सुधारलेले अनेक रुग्ण पुन्हा ढासळले. त्यांच्या शरीरातील जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. एकच औषध दिले की न मरणारे मोजके जंतू उरतात आणि तेच वाढतात. तेव्हापासून क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत रूढ झाली.

यानंतर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मॅकक्यून, मॅकडरमॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात उंदरांवर एक प्रयोग केला. क्षय झालेल्या उंदरांना त्यांनी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही दोन औषधे बारा आठवडे दिली. त्यानंतर उंदरांचे फुप्फुस आणि प्लीहा तपासले, तर एकही जंतू उगवेना. कोणत्याही वैद्याने हे उंदीर बरे झाले असेच म्हटले असते. परंतु औषध बंद करून तीन महिने थांबल्यावर सुमारे एकतृतीयांश उंदरांत क्षय पुन्हा प्रकट झाला. जंतू मेले नव्हते. दबा धरून निजले होते. निजलेल्या जंतूवर औषधाचा परिणाम कमी होतो आणि आपली तपासणीही त्याला पकडू शकत नाही.

"बरे वाटते" आणि "बरा झालो" यांतील अंतर हे एवढे आहे. दोन महिन्यांनी रुग्णाचा खोकला थांबतो, कारण जागे असलेले बहुसंख्य जंतू मेलेले असतात. पुढील चार महिने निजलेल्यांसाठी असतात. मध्येच औषध सोडणारा रुग्ण त्या एकतृतीयांश उंदरांच्या वाटेने जातो. आणि त्याचा रोग उलटला, तर तो औषधाला न जुमानणारा असण्याची भीती असते.

याच उंदराने उपाय कमी दिवसांचा करण्यासही मदत केली आहे, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी क्षयाचा उपचार दीड वर्ष चाले. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पॅरिसमध्ये जॅक ग्रोसे यांनी उंदरांवर दाखविले की रिफॅम्पिसिन जोडीला असेल, तर निजलेले जंतूही लवकर नाहीसे होतात. त्या आधारे १९७० च्या दशकात पूर्व आफ्रिका, हाँगकाँग व सिंगापूर येथे माणसांवर चाचण्या झाल्या आणि सहा महिन्यांचा उपचार सिद्ध झाला. आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारा उपचार, म्हणजे दोन महिने चार औषधे आणि पुढे चार महिने तीन औषधे, याच परंपरेतला आहे. बहुऔषध-प्रतिरोधी क्षयासाठी सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला केंद्र शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. त्यातील औषधांची पहिली पारखही उंदरांवरच झाली होती.

साक्षीदार चुकतो तेव्हा

येथपर्यंत ऐकून प्राण्यांची साक्ष अचूक असते, असा समज होऊ नये. तीन उदाहरणे देतो.

पहिले पेनिसिलिनचे. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले. त्यांतील चौघांना पेनिसिलिन दिले. औषध दिलेले चौघे वाचले, उरलेले चौघे मेले. सुदैवाने ते उंदीर होते. गिनीपिगला पेनिसिलिन विषासारखे बाधते. तो प्रयोग गिनीपिगवर झाला असता, तर न्यूमोनियातून असंख्य लोकांना वाचविणारे औषध कदाचित बाजूला पडले असते आणि १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलिनसाठी उभारलेल्या कारखान्याची कथाही वेगळी झाली असती.

दुसरे उदाहरण मद्रासच्या जंतूंचे. १९६० च्या सुमारास मिचिसन व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की मद्रासच्या रुग्णांकडील क्षयाचे कित्येक जंतू गिनीपिगमध्ये ब्रिटनच्या जंतूंपेक्षा सौम्य ठरतात. पण मद्रासच्या रुग्णांचा रोग मात्र सौम्य नव्हता. जंतूचा जोर प्राण्यात मोजला, तरी माणसातील रोग हा त्याचे अन्न, घर, काम आणि शरीर यांवरही ठरतो.

तिसरे उदाहरण बीसीजी लशीचे. ही लस गिनीपिगला क्षयापासून चांगले संरक्षण देते. तामिळनाडूतील चिंगलपुट जिल्ह्यात १९६८ मध्ये तिची फार मोठी चाचणी सुरू झाली. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून या लशीने तेथे संरक्षण दिले नाही, असा निष्कर्ष १९७९-८० च्या सुमारास पुढे आला. तान्ह्या मुलांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयासारख्या भीषण रूपांपासून ती वाचविते, म्हणून जन्मतःच ती देणे योग्यच आहे. परंतु गिनीपिगचे यश जसेच्या तसे माणसात उतरले नाही.

शास्त्रज्ञांनी यावरून प्राणी टाकून दिले नाहीत. प्रश्न अधिक नेमके केले. टेक्सासमध्ये १९८० च्या दशकात डेव्हिड मॅकमरी यांनी गिनीपिगना कमी प्रथिनांचा आहार देऊन पाहिले. अशा अर्धपोटी प्राण्यांत बीसीजीचे संरक्षण टिकले नाही. मग माणसाचे काय? झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांना पूरक धान्य व पोषक आहार देऊन अभ्यास झाला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आहार मिळालेल्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. पिंजऱ्यातील प्राण्याने सुचविलेली गोष्ट झोपडीतील माणसांनी पक्की केली. अशी जुळणी झाली म्हणजेच साक्ष ग्राह्य धरावयाची.

मुक्या जीवांचे ऋण

या विषयाची एक दुखरी बाजू आहे. हे प्राणी आपल्या इच्छेने साक्ष द्यायला आलेले नाहीत. ज्या समाजात मुंगीलाही साखर घालण्याची रीत आहे, त्या समाजात हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम आपल्या संसदेने १९६० मध्ये केला. प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद त्यातच आहे आणि प्राण्यांची पैदास व प्रयोग यांविषयीचे सविस्तर नियम १९९८ मध्ये आले. संस्थेची नोंदणी, नैतिक समितीची पूर्वपरवानगी, वेदनाशामकांचा वापर या गोष्टी त्यामुळे बंधनकारक झाल्या. त्याआधी १९५९ मध्ये रसेल व बर्च या दोन इंग्रज अभ्यासकांनी तीन सूत्रे सांगितली होती : जेथे शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, वापरावेच लागले तर कमीत कमी वापरा आणि त्यांचा त्रास कमीत कमी करा. माणसाच्या पेशींपासून बनविलेले फुप्फुसाचे लघुरूप आणि संगणकावरील गणित यांचा वापर आता वाढत आहे. २०२३ मध्ये आपल्या देशाच्या औषध चाचणी नियमांत दुरुस्ती होऊन अशा पर्यायी पद्धतींनाही स्थान मिळाले. तरीही सबंध शरीरात औषध कसे वागते, हे पाहण्यासाठी प्राण्यांची गरज आज पूर्णपणे संपलेली नाही.

म्हणून ज्यांच्या जिवावर ज्ञान मिळाले, ते ज्ञान वाया जाऊ न देणे, हेच त्यांचे ऋण फेडणे होय. सहा महिन्यांचा उपचार दोन महिन्यांत सोडला जातो, तेव्हा हजारो मुक्या जीवांची साक्ष आपण केराच्या टोपलीत टाकतो.

आपले काम

शेवटी, आपण प्रत्येकाने काय करावे, हे थोडक्यात सांगतो.

शिक्षकांनी दोन आठवड्यांपेक्षा अधिक खोकला असलेल्या मुलाची आणि त्याच्या घरच्यांची तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा. पालकसभेत "बरे वाटते" आणि "बरा झालो" यांतील फरक उंदराच्या गोष्टीतून सांगावा. आकड्यांपेक्षा ती गोष्ट लक्षात राहील.

अंगणवाडी व आशा कार्यकर्त्यांनी लहान मुलांच्या न्यूमोनियावर नजर ठेवावी. श्वास मोजणे हे त्याचे साधे साधन आहे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक असेल, तर ते मूल तातडीने आरोग्य केंद्रात न्यावे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने हेच काम गावातील कार्यकर्ते व सुईणी यांना शिकविले. ज्यांना आकडे येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन तयार केले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे १९९० मध्ये जगासमोर आले. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूविरुद्धची लस शासकीय लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत ती विनामूल्य दिली जाते. या जंतूवरील देशी बनावटीची पहिली लस पुण्यातच तयार झाली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

ग्रामपंचायत सदस्यांनी २०२३ मध्ये सुरू झालेल्या क्षयमुक्त पंचायत उपक्रमाकडे फलक मिळविण्याचे साधन म्हणून पाहू नये. दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला किमान ३० संशयितांची तपासणी, ही त्यातील महत्त्वाची अट आहे. रुग्ण सापडला तर गावाची अब्रू जाते, या भीतीने तपासणीच टाळली, तर रोग लपतो, संपत नाही. रुग्णाला पोषणासाठी दरमहा मिळणारे साहाय्य १ नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाले आहे. ते त्याच्या खात्यात जमा होते की नाही, हे सदस्यांनी विचारावे.

आणि एक गोष्ट विशेष. दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. बैलगाडी नाहीतर ट्रकमध्ये संसार चढतो आणि गोळ्यांचे पाकीट घरी राहते. पाडाव जेथे पडतो, तेथे तान्ही मुले धुरात आणि थंडीत राहतात. गाव सोडण्यापूर्वी अशा रुग्णांची यादी करणे, त्यांचा उपचार मुक्कामाच्या ठिकाणच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करणे आणि मुकादमाला त्याची जबाबदारी समजावून सांगणे, हे काम ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती आणि सदस्य यांनी मिळून केले, तर एक मोठे भगदाड बुजेल. उंदराच्या पिंजऱ्यातून औषध हुकत नव्हते, म्हणून प्रयोग यशस्वी झाला. माणूस पिंजऱ्यात नसतो. तो पोटासाठी गावोगाव फिरतो. प्रयोगशाळेला हा प्रश्न सोडविता येणार नाही. तो या सभागृहात बसलेल्या मंडळींनीच सोडवावयाचा आहे.

परळची गिनीपिग, बाल्टिमोरचा मजला, कॉर्नेलचा उंदीर आणि मद्रासचे रुग्ण या सर्वांनी आपापली साक्ष दिली आहे. निकालाची अंमलबजावणी आता भूम तालुक्यातील प्रत्येक वाडी-वस्तीवर व्हावयाची आहे. ती आपण सर्वजण मिळून कराल, असा मला विश्वास वाटतो.